घाटातला अपघात वळणाच्या आधीच घडतो

आरोग्याच्या सदरात डॉक्टर आज गिअर आणि ब्रेकच्या गोष्टी का सांगत बसला आहे, असे काही वाचकांना वाटेल. पण चिपळूणसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्याला घाट चुकत नाही. उत्तरेला परशुराम घाट, पूर्वेला कुंभार्ली. खेडच्या पलीकडे कशेडीला आता बोगदा झाला, पण कुंभार्लीची वळणे होती तशीच आहेत. गणपतीला मुंबईहून येणारी मंडळी असोत, लग्नाचे वऱ्हाड असो की कऱ्हाडहून येणारी भाजीची गाडी, घाट सर्वांनाच ओलांडावा लागतो.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. हा सरकारी आकडा आहे. एखाद्या साथीत इतकी माणसे गेली असती तर गावोगावी लसीकरणाचे तंबू लागले असते. अपघाताला मात्र आपण 'नशीब' म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की, अपघात हाही एक आजारच आहे. त्याला कारणे आहेत, पूर्वलक्षणे आहेत आणि पथ्येही आहेत. घाटातल्या अपघाताच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. गाडी कोसळते ती वळणावर. अपघाताची सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आधी, कधी घाटमाथ्यावर, कधी आदल्या रात्री, तर कधी डॉक्टरच्या टेबलावर झालेली असते. हे शेवटचे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

एक चूक माझी

२००७ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळच्या गर्दीत एक तिशीचा तरुण दवाखान्यात आला. नाक वाहत होते, शिंका थांबत नव्हत्या, अंग कणकणत होते. साधी सर्दी. मी नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक. बाहेर पंधरा-वीस पेशंट बसले होते. दोन मिनिटांत त्याला मोकळे केले.

तो काय काम करतो, हे मी विचारले नाही.

तो टेम्पोचालक होता. त्या रात्री टेम्पो घेऊन कऱ्हाडला गेला, भाजी भरली आणि पहाटे परत निघाला. सांगितल्याप्रमाणे रात्रीची गोळी त्याने इमानाने घेतली होती. हेळवाक सोडून कुंभार्ली उतरू लागल्यावर एका वळणावर टेम्पो सरळ गेला आणि दगडी कठड्यावर आदळला. कठडा मजबूत होता म्हणून गाडी दरीत गेली नाही. चालकाचे मांडीचे हाड मोडले. शेजारी बसलेला क्लीनर जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा. त्याच्या डोक्याला मार लागला. तो वाचला, पण त्याच्या उजव्या हातात पहिल्यासारखी ताकद पुन्हा आली नाही.

चार दिवसांनी चालकाची बायको माझ्याकडे आली. हातात अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी होती. तिने अगदी साधेपणाने विचारले, "डॉक्टर, ह्या सर्दीच्या गोळ्या त्यांना आता चालू ठेवायच्या का? म्हणत होते, गोळी घेतली की डोळ्यांवर झापड येते."

मला उत्तर सुचेना. पहाटेची वेळ, रात्रभराचे जागरण आणि वर माझी गोळी. तिन्हींतले नेमके कशामुळे झाले हे कोणी सांगू शकणार नाही. पण तिसरी गोष्ट टाळणे माझ्या हातात होते. तेव्हापासून कोणतेही औषध लिहिण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो, 'गाडी चालवता का?'

गाडी चालवणाऱ्याचे औषधपाणी

सर्दी, शिंका, खाज आणि पित्त उठणे यांवरच्या अनेक जुन्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखे औषध असते. त्याने नाक कोरडे होते, पण मेंदूवरही गुंगी चढते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत टिकू शकतो. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्याही बहुधा याच जातीच्या. खोकल्याची काही औषधे, झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या यांचाही असाच परिणाम होतो. गंमत अशी की, आपल्याला गुंगी आली आहे हे माणसाला स्वतःला नेहमी कळतेच असे नाही. 'मी ठीक आहे' असे म्हणत तो गाडी चालवत राहतो. कमी गुंगी आणणारी औषधे मिळतात, पण त्यासाठी डॉक्टरला तुमचा धंदा कळला पाहिजे. आम्ही विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. दुकानातून परस्पर गोळी घेतानाही सांगा.

मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या चालकाने जेवण चुकवू नये. औषध घेतले आणि पोटात काही नसले, तर रक्तातली साखर खाली येते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि विचार गोंधळतात. खिशात साखरेची पुडी किंवा चार गोळ्या-चॉकलेटे ठेवा. लक्षण जाणवताच गाडी बाजूला घेऊन ती खा आणि बरे वाटेपर्यंत चाक हाती घेऊ नका. रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांची औषधे मात्र गाडीच्या भीतीने स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते अधिक धोक्याचे आहे.

आता दारूविषयी. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले की गुन्हा होतो. पण घाटात त्याहून कमी मद्यही पुरे पडते. रात्री उशिरापर्यंत पार्टी करून पहाटे गाडी काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, आंघोळ केली, काळी कॉफी घेतली, म्हणून रक्तातली दारू उतरत नाही. तिला उतरायला तासच लागतात.

चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. 'डॉक्टर, नुसती सही हवी' म्हणून कागद पुढे करणारे बरेच भेटतात. मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या माणसाला दिवसा बरे दिसते, पण रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांत फुटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. म्हणून डोळे तपासल्याशिवाय आम्ही सही करू नये आणि तुम्ही मागू नये.

डुलकीचे तीन सेकंद

झोपेचे कर्ज बँकेच्या कर्जासारखेच असते. ते व्याजासह फेडावे लागते. माणसाच्या शरीरात एक घड्याळ असते. मध्यरात्रीनंतर साधारण दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचे दोन-तीन तास, या वेळी ते झोपेकडे ओढते. कितीही अनुभवी चालक असला तरी हे घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही.

हिशेब करून पाहा. गाडी ताशी ४० कि.मी. या बेताच्या वेगाने चालली आहे. तीन सेकंदांची डुलकी लागली, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांहून जास्त पुढे जाते. सरळ रस्त्यावर एखादेवेळी नशीब साथ देईल. घाटात शंभर फुटांत वळण येऊन गेलेले असते.

वारंवार जांभया, डोळे चुरचुरणे, मागच्या दोन-चार वळणांची आठवणच नसणे, मान अचानक खाली जाणे, ही पूर्वलक्षणे आहेत. अशा वेळी खिडकी उघडून वारा घेणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखूची चिमूट भरणे यांचा उपयोग फार थोडा वेळ होतो. खरा उपाय एकच. घाट लागण्याआधी गाडी सुरक्षित जागी उभी करून पंधरा-वीस मिनिटे झोप घ्यावी. चहा घ्यायचा तर झोपेआधी घ्यावा, उठेपर्यंत त्याचा अंमल सुरू होतो. मोठ्याने घोरणारे आणि दिवसाही पेंगणारे चालक असतील, तर त्यांनी तपासणी करून घ्यावी. रात्री श्वास अडकल्यामुळे झोप पुरी न होण्याचा तो आजार असू शकतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. लग्नाची गाडी ठरवताना, सहल काढताना आपण किती पैसे, किती सीट, एवढेच विचारतो. चालक कालच्या रात्री झोपला होता का, हेही विचारा. त्यात त्याचा अपमान नाही, काळजी आहे.

उतारावर ब्रेक का हरतो?

हा भाग मला शिकवला तो माझ्या एका जुन्या पेशंटने. एस.टी.तून निवृत्त झालेले हे चालक. सारी आळी त्यांना मामा म्हणते. रक्तदाब तपासायला आले की, हात पुढे करून घाटाच्या गोष्टी सांगतात. एकदा म्हणाले, "डॉक्टर, घाट चढायला इंजिन लागतं, उतरायला अक्कल लागते. ज्या गिअरला चढलो, त्याच गिअरला उतरायचं. एवढं पाळलं म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय."

मामांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. सोळा टनांचा भरलेला ट्रक ६०० मीटर, म्हणजे सुमारे दोन हजार फूट खाली उतरतो. ती सारी शक्ती फक्त ब्रेकने अडवायची ठरवली, तर जी उष्णता तयार होईल, तीत तीनशे लिटर साध्या पाण्याला उकळी येईल. एवढी उष्णता चार-सहा चाकांच्या ब्रेक लायनरनी सोसायची! लायनर तापला की त्याची पकड सुटते. लहान गाड्यांत ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पाय पोकळीत गेल्यासारखा आत जातो. हवेच्या ब्रेकच्या गाडीत पुन्हा पुन्हा दाबल्याने टाकीतली हवा कमी होते. मग चालक सांगतो, 'ब्रेक फेल झाला.' खरे तर ब्रेक दमलेला असतो, आणि दमण्याआधी त्याने जळक्या वासाची सूचनाही दिलेली असते.

उलट गाडी खालच्या गिअरमध्ये असली आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनच चाकांना ओढून धरते. ब्रेक मग अधूनमधून, मोजका लावायचा. गिअर टाकायचा तो उतार सुरू होण्याआधी. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये सापडते. मग तिला धरणारे कोणी उरत नाही.

'न्यूट्रलमध्ये उतरले की डिझेल वाचते' हा समज अजून गेलेला नाही. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागते. म्हणजे ही बचत नव्हे, नुकसानच. इंजिन बंद करून उतरणे तर आत्मघात आहे. स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही जाते.

बिनगिअरच्या स्कूटरला इंजिनचा आधार फार कमी मिळतो. तिच्यावरून घाट उतरताना सुरुवातीपासून वेग कमी ठेवा, दोन्ही ब्रेक वापरा आणि मध्ये एकदोनदा थांबून ते निवू द्या. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर हवे, मागे बसणाऱ्या वहिनींच्यासुद्धा.

वळणाचे पथ्य

वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नव्हे. वळणात जोराने ब्रेक लावला तर चाके घसरतात, आणि ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. पहिल्या पावसात धूळ आणि सांडलेले तेल मिळून रस्ता साबणासारखा होतो. धुक्यात दिवे खाली, म्हणजे डिपरवर ठेवावेत. वरचे दिवे लावले तर धुकेच पांढरे होऊन डोळ्यांवर येते.

आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, आपली बाजू सोडू नका, ओव्हरटेक तर नाहीच. मोठ्या गाडीला वळायला रुंद जागा लागते, तिच्या आतल्या बाजूने घुसू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि उतरणाऱ्याने थांबायचे, हा नियमच आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणे कठीण असते.

आणि एक विनंती. गाडी बंद पडली की आपण चाकाखाली दगड लावतो, मागे झाडाच्या फांद्या टाकतो. ते योग्यच. पण गाडी दुरुस्त झाली की दगड तिथेच टाकून निघून जातो. रात्री मोटारसायकलवाल्याला तो दगड दिसत नाही. जाताना दगड उचला.

गाडी लागते तेव्हा

घाटात उलटी होणे हा पोटाचा आजार नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती सांगते 'आपण वळतो आहोत', आणि समोरच्या सीटकडे पाहणारे डोळे सांगतात 'आपण स्थिर आहोत'. या भांडणात पोट ढवळते. चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसते. म्हणून ज्यांना त्रास होतो त्यांनी पुढच्या बाजूला बसावे, लांबवर पाहावे, मोबाइल आणि वाचन बंद ठेवावे, निघताना हलके खावे. आल्याचा तुकडा काहींना मानवतो. गोळी घ्यायची तर प्रवाशाने घ्यावी. प्रवाशांसाठी आणलेल्या पट्टीतली गोळी चालकाने चुकूनही घेऊ नये. आणि कोणाला मळमळते म्हणून 'लवकर घाट उतरवा हो' अशी घाई त्याला करू नये. गाडी थांबवायला सांगावी.

अपघात झालाच तर

२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३० जण गेले, एकच वाचला. आपल्या जिल्ह्यातली ती माणसे, ते घाव अजून ओले आहेत. त्या दिवशी हेही कळले की, दरीत काय झाले याची बातमी वर रस्त्यावर पोचायलाच वेळ लागतो. जखमीसाठी पहिला तास सर्वांत मोलाचा असतो आणि घाटात तोच सर्वांत आधी खर्च होतो.

कुंभार्लीच्या त्या टेम्पोतल्या दोघांना मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने खाली आणले. त्यांना दवाखान्याच्या दारात उतरवून तो नाव न सांगता निघून गेला. पोलिसांच्या चौकशीची भीती. तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तसे संरक्षण आले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला आता नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा भिऊ नका, थांबा.

प्रथम आपली गाडी सुरक्षित जागी लावा आणि वळणाच्या अलीकडे कोणाला तरी उभे करून येणाऱ्या गाड्या थांबवा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. मोबाइलला रेंज नसेल तर खाली-वर जाणाऱ्या गाडीबरोबर निरोप द्या, आणि घाटाचे नाव, जवळचे गाव व किलोमीटरचा दगड सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा. आग किंवा गाडी घसरण्याचा धोका नसेल, तर जखमीला हातापायांना धरून ओढू नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार जणांनी मिळून उचला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तो श्वास घेत असेल आणि उलटी होत असेल, तर मान-पाठ सांभाळून कुशीवर वळवा.

शेवटी

तो टेम्पोचालक सहा-सात महिन्यांनी पुन्हा चाकावर बसला. आजही माझा पेशंट आहे. त्या क्लीनर मुलाला त्याने पुढे आपल्याच चुलत्याच्या किराणा दुकानात काम मिळवून दिले. दोघांपैकी कोणीही मला कधी बोल लावला नाही. त्याचे ओझे उलट जास्तच वाटते.

मागच्या थंडीत तो शिंकत शिंकत आला. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "डॉक्टर, रात्री गाडी आहे. झोप आणणारी गोळी नको."

मी त्याला वाफ घ्यायला आणि मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला सांगितले. मग म्हणालो, "आणि रात्रीची गाडी दुसऱ्या कोणाला देता आली तर बघा. अंगात ताप आहे."

त्याने थोडा विचार केला आणि दवाखान्यातूनच भावाला फोन लावला. त्या रात्री घाट त्याच्या भावाने उतरवला, खालच्या गिअरमध्ये.